बिनखुणेचे सात जोड

पाणी जिथे दिसतं तिथे ते गळत नसतं, हे बाबांनी मला आयुष्यात शंभर वेळा ऐकवलं असेल. तरी मी अख्खा सोमवार ओट्याखाली डोकं घालून पडले होते. तिथली फळी ओली होती म्हणून तिथलाच पाइप पुसत होते, परत परत पुसत होते, आणि मनातल्या मनात तो पाइप बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. दुपार कलल्यावर कळलं की पाणी मागे पलंगाखालून येतंय आणि उतार धरून ओट्यापर्यंत पोचतंय. बाबा खिडकीपाशी बसून सगळं पाहत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बसल्या जागेवरून बोट दाखवलं असतं. आता त्यांनी मला विचारलं, ताई, तुमचं काम अजून किती वेळ चालणार?

मी त्यांची थोरली मुलगी. काही दिवस ओळखतात, काही दिवस ताई म्हणतात. सोमवार ताईचा होता.

बाबांचं घर म्हणजे एक जुनी घरगाडी. बसएवढी लांब, पुढे ड्रायव्हरची सीट, मागे पलंग, मधे ओटा, बेसिन, बाकडं आणि कपाटाएवढं न्हाणीघर. शहराबाहेर अशा गाड्यांचा एक तळ आहे. तिथे वीज मिळते, पाणी मिळतं, आणि ज्यांना कुठेच जायचं नाही असे लोक वर्षानुवर्षं गाड्या उभ्या करून राहतात. आई गेल्यावर बाबांनी भाड्याचं घर सोडलं आणि ही गाडी घेतली. फिरायचं म्हणून घेतली, दोनदा फिरली, मग चाकांखाली विटा आल्या. त्याला सोळा वर्षं झाली.

दोन वर्षांपासून त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग वार, मग आई गेली आहे हे. मी त्यांना दोनदा माझ्या खोलीवर नेलं, चौथ्या मजल्यावर. तिथे ते रात्रंदिवस दार शोधायचे. गाडीत दार डाव्या हाताला आहे, म्हणून माझ्याकडेही डाव्या हाताला जायचे आणि कपड्यांच्या कपाटात शिरून उभे राहायचे. दुसऱ्या खेपेला खरं दार सापडलं आणि ते बस डेपोत सापडले. गाडीत मात्र तसं नव्हतं. गाडीत त्यांना डोळे मिटूनही चमचा सापडायचा. डोक्यातून गेलेलं सगळं तिथे हातात शिल्लक होतं. पाणी तापवायचे, चहा करायचे, कपबशी विसळून उलटी ठेवायचे आणि तेवढ्या वेळापुरते माझे बाबा असायचे. म्हणून मीच माझी खोली सोडून त्यांच्याकडे राहायला आले आणि चार महिने बाकड्यावर झोपत होते. पाठीचं भजं झालं होतं, पण ते असो.

मग पाइप फुटले, आणि नेमकी त्याच सोमवारी संध्याकाळी पाहणीवाली बाई आली. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांची देखरेख करणाऱ्या कार्यालयातली बाई. वाईट नव्हती. बूट काढून आत आली, बाबांशी हळू बोलली, ओल्या फळ्यांना हात लावला, नळ सोडून पाहिला. गरम पाणी नव्हतंच, थंडही खोकत खोकत आलं. तिने मला बाहेर घेऊन सांगितलं की माणसाला नीट पाणी नसलेल्या जागी ती ठेवू शकत नाही. शुक्रवारी दहा वाजता परत येईन, तोवर दोन्ही नळ चालू आणि जमीन कोरडी दिसली तर राहू देत. नाहीतर देखभालगृहात जागा आहे, आणि ती अशी पुन्हा मिळायची नाही.

मला त्या देखभालगृहाची भीती वाटत होती असं नाही. स्वच्छ जागा आहे. भीती एवढीच होती की तिथे त्यांच्या हाताला ओळखीचं काही लागणार नाही, आणि मग जे थोडे बाबा शिल्लक आहेत ते महिन्याभरात जातील. मला ते जायला नको होते. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही.

तर मंगळवारी मी कामावरून रजा काढली. मी लाँड्रीत असते, हॉटेलच्या चादरी मोठ्या मशीनमधून इस्त्री होऊन येतात त्या घड्या करते. फुटलेल्या पाइपचा तुकडा कापून पिशवीत घातला आणि पाइपच्या दुकानात गेले. दुकानदाराने तुकडा पाहिला आणि गिऱ्हाइकाला वाईट बातमी द्यायचा त्यांचा असतो तसा चेहरा केला. म्हणाला, ताई, हा राखी पाइप बाजारातून जाऊन जमाना झाला. हा आतून कडक होतो, जोडापाशी तडकतो. तुम्ही एक जोड दुरुस्त कराल, दाब वाढेल आणि पुढचा फुटेल. दुरुस्तीच्या नादी लागू नका, सगळा काढा आणि नवा टाका.

त्याचं म्हणणं खरं होतं. पण सगळा काढायचा तर पलंग, न्हाणीघर, भिंतीची आतली फळी सगळं उचकटावं लागलं असतं, आणि माझ्याकडे तीन दिवस होते. मी त्याला म्हटलं, मला फक्त शुक्रवारपर्यंत तगायचंय. तो हसला नाही. त्याने मला नवा पांढरा पाइप दिला, एका बाजूला जुन्या पाइपचं माप आणि दुसऱ्या बाजूला नव्याचं असे पितळी जोड दिले, तांब्याच्या कड्या दिल्या आणि त्या आवळायची लांब दांड्यांची पक्कड दिली. ती पक्कड शनिवारी परत आणून द्यायच्या बोलीवर दिली. पाइप कापायचा कटर बाबांचाच होता.

आता बाबांचं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. बाबा चाळीस वर्षं इमारतींमध्ये पाण्याचे पाइप टाकणाऱ्या माणसांचे मुकादम होते. त्यांची एक पद्धत होती. जोड आवळला की पाणी सोडायचं, खाली कोरा कागद ठेवायचा आणि तासभर हात लावायचा नाही. तास म्हणजे तास, पन्नास मिनिटं नाही. तासाने कागद कोरडा असला तर शर्टाच्या खिशातली पिवळी मेणाची पेन्सिल काढून एक रेघ मारायची, अर्धी पाइपवर, अर्धी जोडावर. जोड पुढे कधी केसभर सरकला तर रेघ तुटलेली दिसते. त्यांच्या हाताखाली जी माणसं राबली त्या सगळ्यांना नियम एकच: रेघ नाही तो जोड नाही. दिसला की कापायचा. कोणी केला, किती घाम गाळला, काही विचारायचं नाही.

हे नुसतं कामावर असतं तर ठीक होतं. घरी आम्ही गृहपाठ दाखवायला गेलो तरी विचारायचे, तासभर थांबून परत वाचलंस का. आई म्हणायची, बरं झालं वरणाला रेघ मारत नाहीत.

सव्विसाव्या वर्षी माझी नोकरी सुटली होती तेव्हा मी तीन महिने त्यांच्याकडे कामाला होते. एकदा तिसऱ्या मजल्यावर मी एकटीने एक अवघड जोड केला. चाळीस मिनिटं झाली, कागद कोरडा होता, मला सडकून भूक लागली होती. मी एकाची पेन्सिल मागून घेतली, रेघ मारली आणि जेवायला गेले. परत आले तर बाबा जोडापाशी उभे, आणि सगळी माणसं भोवती. त्यांनी घड्याळ पाहिलं, कटर घेतला आणि माझा जोड कापून माझ्या पायापाशी टाकला. पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाले, "धांदरटाच्या हाती पेन्सिल द्यायची नाही." जोड चांगला होता, हेही म्हणाले. म्हणून तर जास्त लागलं. दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही, लाँड्रीत चिकटले, आणि घरात माझं नाव धांदरट पडलं ते पडलंच. तीस वर्षं झाली. मी पुन्हा पेन्सिलीला हात लावला नाही आणि त्यांनीही कधी दिली नाही.

मंगळवारी दुपारी मी पहिला जोड बसवला, पलंगाखालचा. पंप सुरू केला. या पंपाची एक गंमत आहे: नळ बंद असले आणि कुठेच गळत नसलं तर तो दाब भरून गप्प होतो. कुठे थेंब जरी सुटत असला तर दर थोड्या वेळाने आपोआप घुरघुरतो. तो घुरघुरला. मी पलंगाखाली पाहिलं, कोरडं ठाक. न्हाणीघरात पाहिलं तर तिथला कोपऱ्यातला जोड तडकला होता, दुकानदाराने सांगितला होता तसाच. तो बदलला, पंप लावला. बेसिनखालचा गेला.

बुधवार असाच गेला. एक बांधला की दुसरा सुटायचा. मी गुडघ्यांवर, कोपरांवर, एकदा तर चक्क उलटी होऊन डोकं खाली पाय वर अशी त्या गाडीत फिरत होते. दुपारी धाकट्याचा फोन आला. माझा भाऊ, लांब राहतो, दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत काळजी करतो. तो म्हणाला, कशाला जिवाचा आटापिटा करतेस धांदरटताई, त्यांना काय कळतंय आता कुठे आहेत ते. मी त्याला म्हटलं, तुला कळतंय ना कुठे आहेस ते, मग तिथेच राहा. फोन आपटला आणि मग त्याच रागात चौथा जोड केला. तो सगळ्यात चांगला झाला.

पाचव्याच्या वेळी बाबा बाकड्यावरून उठले आणि माझ्याशेजारी जमिनीवर येऊन बसले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पण मांडी घालून सरळ बसले. मी पाइपांमध्ये हात घालून अडकले होते, कडी शोधत होते. त्यांनी डब्यातून बरोबर त्याच मापाची कडी काढून माझ्या तळव्यावर ठेवली. मी काही मागितलं नव्हतं. मी कडी बसवली, पक्कड दाबली, दांडे एकमेकांना टेकेपर्यंत. ते ऐकत होते. पक्कड टेकल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी मान हलवली.

"खूण?" ते म्हणाले.

मी म्हटलं, नंतर. आधी सगळे होऊ देत.

सहाव्यालाही त्यांनी तेच विचारलं आणि मी तेच सांगितलं. मला इतका आनंद झाला होता की रडू येत होतं. म्हटलं, चला, ही गाडी वाचली की हा माणूसही वाचला. गुरुवारी दुपारी सातवा झाला, गरम पाण्याच्या टाकीच्या मागचा, सगळ्यात अवघड. पंप लावला. तो भरला आणि गप्प झाला.

मी सातही जोडांखाली कोरे कागद ठेवले आणि घड्याळ लावून बसले. तीस वर्षांपूर्वीचा राग म्हणा, काही म्हणा, या वेळी मी पूर्ण तास बसले. भूक लागली तरी उठले नाही. एवढं शांत त्या गाडीत कधी वाटलं नव्हतं. तासाने एकेक कागद काढला आणि गालाला लावून पाहिला, कारण कामाने राठ झालेल्या बोटांना ओल कळत नाही. सातही कोरडे. मग मी गरम नळ सोडला आणि बाबांना म्हटलं, हात धुवा. त्यांनी किती तरी वेळ हात त्या पाण्याखाली धरले, उलटे केले, सुलटे केले. म्हणाले, "छान आहे गं." गं म्हणाले, ताई नाही.

आता खूण तेवढी करायची राहिली होती. पेन्सिल त्यांच्या खिशात होती. सोळा वर्षं घरी बसलेला माणूस, पण खिशात पेन्सिल रोज असायची, शर्ट बदलला की आधी ती नव्या खिशात जायची. ते खुर्चीत डुलकी घेत होते आणि पेन्सिलीचं पिवळं टोक वर आलेलं होतं. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. माझ्या हातातून त्यांनी ती काढून घेतली होती, तर त्यांनीच ती परत द्यायला हवी, असं माझ्या मनाने घेतलं. दोनदा खूण खूण केलं, एकदा तरी पेन्सिल काढून पुढे धरायची होती. म्हटलं, खड्ड्यात गेली ती रेघ, जोड पक्के आहेत, मला ठाऊक आहे. छप्पन्न वर्षांची बाई आणि रुसवा सव्विसाव्या वर्षाचा. फळ्या मी मुद्दाम उघड्याच ठेवल्या, पाहणीवाल्या बाईला नवं काम दिसावं म्हणून. कटर ओट्याखाली ठेवला, सकाळी लागलाच तर हाताशी असावा म्हणून.

शुक्रवारी सकाळी गरम पाणी बाईसाठी राखून ठेवावं म्हणून मी तळाच्या सार्वजनिक न्हाणीघरात अंघोळीला गेले. टाकी लहान, एका अंघोळीत संपते. बाबा चहा पीत बसले होते, वर्तमानपत्र उलटं धरून का होईना वाचत होते. मी साबण लावून नीट केस धुतले, बरे कपडे घातले. अर्धा तास गेला असेल. परत येताना लांबूनच ऐकू आलं. पंप चालू होता. घुरघुरून थांबत नव्हता, एकसारखा चालू होता.

दार उघडलं तर पायरीवरून पाणी बाहेर आलं. बाबा ओट्यापाशी जमिनीवर पाण्यात मांडी घालून बसले होते. पँट मांड्यांपर्यंत भिजलेली. समोर टॉवेल अंथरलेला आणि त्यावर माझे सातही जोड एका ओळीत मांडलेले, दोन्ही बाजूंना पाइप सरळ कापलेला, एकही काप तिरका नाही. मी आधी पंप बंद केला. मग मला काय करावं सुचेना, म्हणून मी फडका घेतला आणि पुसायला लागले, एवढ्याशा फडक्याने एवढं पाणी.

"बिनखुणेचे होते," बाबा म्हणाले. "सगळे काढले. कोणी केले हे?"

ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे लख्ख होते. वर्षभरात मी ते इतके जागे पाहिले नव्हते. मी म्हणणार होते की मी केले, तुमच्यासमोर केले, तुम्हीच कडी हातात दिलीत. पण तोंडून निघालं, नवा माणूस आहे.

त्यांनी एक जोड उचलून उजेडाकडे धरला, फिरवला. "हात चांगला आहे त्याचा. कडी बघ कशी बसवली आहे." मग तो खाली ठेवला. "पण खूण केली नाही. स्वतःच्याच कामाचा ज्याला भरवसा नाही, त्याच्यावर मी कसा ठेवू? त्याला पाठव माझ्याकडे."

हात चांगला आहे त्याचा. तीस वर्षं मी या चार शब्दांची वाट पाहिली होती, आणि ते आले तेव्हा मी पाण्यात फडका पिळत होते. मला त्यांना बुक्क्या माराव्याशा वाटल्या. खरं सांगते, वाटल्या. आणि त्याच क्षणी असंही वाटलं की त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणावं, मीच तो, मला पाठवायला नको, मी आले आहे. यातलं मी काहीच केलं नाही. दारात पाहणीवाली बाई उभी होती आणि तिचे बूट भिजत होते.

ती काही रागावली नाही. आत आली, नळ सोडायचं नाटकही केलं नाही. बाबांच्या हातातून कटर हळूच घेतला, आणि त्यांनी तो दिला, कारण ती त्यांना कार्यालयातली साहेबीण वाटली. तिला त्यांनी सगळं समजावून सांगितलं, रेघ का मारायची ते, तास का थांबायचं ते. शब्दन् शब्द बरोबर. ती ऐकत राहिली. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "तुम्ही खूप केलंत. पण त्यांच्या हाताशी आज कटर होता, उद्या गॅस असेल." मी तिला म्हटलं, चूक त्यांची नाही, माझी आहे, मी रेघ मारली नाही. तिला वाटलं मी रडण्याच्या भरात काहीतरी बरळते आहे. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हाताचा मला अजून राग येतो.

सोमवारी त्यांना नेलं. गाडी तळावर उभी आहे, मी टाकी रिकामी केली आणि दार लावलं. धाकटा म्हणाला, सुटलीस एकदाची. तो लांब राहतो म्हणून त्याचं तोंड वाचलं.

देखभालगृहात त्यांना स्वच्छ खोली आहे, पलंग, खिडकी, कोपऱ्यात बेसिन. दार उजव्या हाताला आहे. भेटायची वेळ रविवारी चार ते पाच. पहिल्याच रविवारी तिथल्या बाईने मला त्यांच्या कपड्यांची एक पिशवी दिली, नको असलेलं सामान म्हणून, आणि त्यात पेन्सिल होती. ते भिंतीवर रेघा मारतात म्हणून काढून घेतली, म्हणाली. तर पेन्सिल मला अशी मिळाली. त्यांनी दिली नाही, संस्थेने पिशवीत घालून दिली.

मी म्हटलं होतं तसंच झालं. महिना पुरा व्हायच्या आत त्यांच्या डोक्यातून मी गेले, आईचं नाव गेलं, गाडी गेली. चमचा हातात दिला तर बघत राहतात. एकच गोष्ट राहिली. तिथली बाई मला म्हणाली की ते झोपत नाहीत, सारखे उठून बेसिनखाली वाकतात, बोटाने पाइप चाचपडतात आणि येईल जाईल त्याला सांगतात की खूण नाही. मी वाकून पाहिलं. बेसिनखाली दोन जोड होते, प्लॅस्टिकचे, धडधाकट. रेघ कुठून असणार.

पेन्सिल पर्समध्येच होती. दोन रेघा मारल्या असत्या की काम झालं असतं, त्यांना काय कळणार होतं. पण मी पर्समधून कोरा कागद काढला, जोडांखाली ठेवला, नळ सोडला आणि जमिनीवर बसले. चार वाजले होते. बाबा पलंगावर बसून माझ्याकडे बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं की मी कोणाकडे कामाला असते. मी म्हटलं, तुमच्याकडेच. त्यांना ते पटलं.

"माझी एक मुलगी होती," ते म्हणाले. "हाताने फार चांगली. पण तिला थांबणं कधी जमलं नाही."

मी कागदाकडे बघत राहिले. भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा पाच वाजले होते, बरोबर तास झाला होता. कागद गालाला लावला. कोरडा होता. मग मी दोन रेघा मारल्या, अर्धी पाइपवर, अर्धी जोडावर, सरळ आल्या. बाबा उठून आले, वाकले, बोट फिरवलं, आणि जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. माझ्याशी बोलले नाहीत. काम झाल्यावर कामगाराशी काय बोलायचं असतं?

पुढच्या रविवारी गेले तर पुन्हा तेच, खूण नाही. दर शनिवारी सफाईवाली बेसिन खालपासून घासते आणि रेघा पुसल्या जातात. मी परत कागद ठेवला, परत तास बसले. आता असे अकरा रविवार झाले. माझी त्यांच्यासोबतची भेट म्हणजे ती जमीन आणि तो कागद. त्या तासात ते दुसरीकडे कुठे बघत नाहीत, माझ्या हाताकडे बघतात.

सफाईवाली रविवारीही कामावर असते. जिन्यात दर खेपेला दिसते, हसते, बोलायला चांगली आहे. रेघा पुसू नका एवढं तिला सांगायला अर्धं मिनिट लागेल. मी अजून सांगितलेलं नाही.